काळी मारबत काळीच दिसली पाहिजे

नागपूरच्या इतवारीतल्या गल्लीच्या तोंडाशी काळी मारबत, म्हणजे बांबू-कागदाचा भलामोठा पुतळा, वळते तेव्हा आधी बांबूचा सांगाडा करकरतो. मग आडव्या आलेल्या तारा काठीने वर उचलायला दोघंतिघं पुढे धावतात, आणि दुसऱ्याच क्षणाला ती अख्खी गल्ली भरून टाकते. घरांच्या गॅलऱ्यांना भिडेल एवढी उंच, कोळशासारखी काळी. खाली ढोल, गुलाल आणि शेकडो गळ्यांतून एकच आरोळी, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ अंगावर काटा येतो. आणि कॅमेरा ऑटोवर असेल तर स्क्रीनवर काय येतं? एक धुळकट राखाडी बाहुली आणि तिच्यामागे पांढरंफटक आभाळ.

नागपुरात तीन दिवस होते, पण लिहावंसं वाटतं ते या गल्लीतल्या तासाभराबद्दलच. मारबतीचे जेवढे फोटो बघितले त्यांतल्या निम्म्याअधिक फोटोंत ती राखाडी आहे. जिच्यात शहर आपली सगळी पिडा भरून बाहेर नेऊन जाळतं, तिचा काळा रंगच फोटोत हरवतो, हे मला बघवत नाही. ते टाळता येतं. खिशातल्या कॅमेऱ्यानेही येतं, फक्त घरून निघायच्या आधी काही गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, ही मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. काळीचा संबंध लोक भोसले घराण्यातल्या बांकाबाईशी जोडतात, तर पिवळी जागनाथ बुधवारीतून निघते. सोबत बडगे असतात, म्हणजे महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत ज्याचा त्या वर्षी राग आला असेल त्याचे पुतळे, गळ्यात पाट्या अडकवलेले. मेट्रोने अ‍ॅक्वा मार्गावर अग्रसेन चौक किंवा चितार ओळ चौकात उतरून चालत जावं. गाडी घेऊन तिकडे जायचा विचारही करू नये.

कॅमेरा कोणता, हा प्रश्न या गर्दीत लवकर सुटतो. मोठी झूम लेन्स लावलेला कॅमेरा इथे सगळ्यांनाच त्रास असतो: धरणाऱ्याला, शेजारच्याला आणि ज्याच्या डोक्याला लेन्स लागते त्याला. खिशात मावणारे चांगले कॅमेरे दोन जातींचे. एक, सोनीच्या आरएक्स १०० मालिकेसारखे, ‘एक इंची’ सेन्सरचे. नाव एक इंची असलं तरी फोटो टिपणारा तो सेन्सर प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो. त्या मालिकेतल्या सातव्या कॅमेऱ्यात २४ ते २०० मिमीच्या तोडीचा झूम आहे, म्हणजे समोरच्या गच्चीवरची आजीसुद्धा जवळ येते. दुसरी जात रिकोच्या जीआर ३ सारखी: एपीएस-सी नावाचा मोठा सेन्सर, क्षेत्रफळाने त्या एक इंचीच्या साधारण तिप्पट, पण लेन्स एकच, २८ मिमीच्या तोडीची, म्हणजे रुंद दृश्य घेणारी. बॅटरी आणि कार्डासकट वजन २५७ ग्रॅम. झूम नाही, फ्लॅश नाही, वळणारा स्क्रीनही नाही. फिरतीला पहिली जात सोयीची. मारबतीला मात्र मी दुसरीच नेईन, कारण इथे प्रश्न लांबचं दिसण्याचा नाही, दोन हातांवरचं चुकू न देण्याचा आहे.

गर्दीत ऑटोफोकस दगा देतो. मध्ये कुणाचा हात येतो, गुलालाचा लोट येतो, आणि लेन्स पुढे-मागे शोधत बसते तोवर माणूस निघून गेलेला असतो. म्हणून फोकस आधीच बांधून ठेवायचा. जीआरमध्ये याला स्नॅप फोकस म्हणतात. अंतर मेनूत २ मीटर ठरवून दिलं की शटरचं बटन अर्धं न दाबता एकदम पूर्ण दाबायचं, कॅमेरा फोकस शोधतच नाही, सरळ त्या अंतरावर फोटो घेतो. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याचं भोक (आकडा मोठा तितकं ते लहान), एफ ५.६ असेल तर साधारण सव्वा मीटरपासून साडेपाच मीटरपर्यंत सगळं रेखीव येतं. एफ ८ केलं तर एक मीटरपासून वीस मीटरपर्यंत. एफ २.८ ला हाच पट्टा दीड ते तीन मीटर एवढा आखडतो, म्हणून ते रात्रीसाठी ठेवावं.

दोन मीटर म्हणजे किती, हे डोळ्यांना शिकवावं लागतं. लॉजच्या खोलीत दोन फुटी फरशी असेल तर काम सोपं: सव्वातीन फरश्या. दाराशी उभं राहून खुर्ची त्या अंतरावर ठेवायची, बघायची, पुन्हा सरकवायची. दहा मिनिटांत अंदाज बसतो. गल्लीत फरशी नसते, पण खुर्चीएवढा माणूस किती मोठा दिसतो ते डोळ्यांत राहतं.

आता रंग. कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला, काळं आणि पांढरं कळत नाही. जे समोर येईल ते तो मधल्या राखाडीकडे ओढतो. आदल्या दिवशी दीक्षाभूमीवर याची दुसरी बाजू दिसली. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली, तिथला तो पांढरा घुमट चौकटभर घेतला की मीटर त्याला मळकट करून टाकतो. एक्स्पोजर अधिक एक केलं, म्हणजे एक स्टॉप वाढवून उजेड दुप्पट केला, की घुमट पुन्हा पांढरा. उन्हात मात्र एकदम अधिक एक न करता पाऊण स्टॉपावर थांबावं आणि स्क्रीनवर कुठे जळल्याची, म्हणजे उजेड जास्त होऊन तपशील गेल्याची, लुकलुक होते का ते बघावं. घुमटाची कड एकदा जळली की ती नंतर कशानेही परत येत नाही. तिथे माणसं हात जोडून उभी असतात, म्हणून शटरचा आवाज आणि फोकसचा दिवा दोन्ही बंद ठेवावेत.

मारबतीला नुसतं उणे एक करून भागत नाही, कारण तिथे दोन चुका उलट्या दिशांनी चालतात. ती लांब असते तेव्हा चौकटीत भाद्रपदातलं ढगाळ पांढरं आभाळ जास्त असतं. मीटर आभाळाला भितो आणि मारबतीची नुसती काळी सावली करतो. ती जवळ आली की चौकट काळ्याने भरते, मीटर उजेड वाढवतो आणि काळ्याचं राखाडी होतं. दहा पावलांत दोन वेगळ्या चुका. उपाय एकच, मीटरला बाजूला ठेवायचं. कॅमेरा मॅन्युअलवर घ्यायचा. आपला तळवा, गल्लीत जो उजेड आहे त्याच उजेडात, चौकटभर धरायचा आणि मीटर जे सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्यायचा, कारण तळवा मधल्या राखाडीपेक्षा साधारण तेवढाच उजळ असतो. मोकळ्या चौकात ढगाळ उजेडाला आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४००, एफ ५.६, शटर १/५०० सेकंद अशा आसपास आकडे येतात. गल्लीत शिरलं की उजेड दोन स्टॉपांनी उतरतो, तेव्हा आयएसओ १६०० करायचा, शटरला हात लावायचा नाही. १/२५० ला चेहरे येतात, पण नाचणाऱ्यांचे हात पुसले जातात.

हे एकदा बांधलं की काळी काळीच येते. तिच्या अंगावरच्या कागदाच्या घड्या, जिथे चिकी, म्हणजे खळ, जास्त लागून चकाकी आलीय ते डाग, सगळं त्या काळ्यात दिसतं. पहिल्यांदा स्क्रीनवर ते बघितलं तेव्हा फार बरं वाटलं.

पिवळीचं दुखणं निराळं. तिथे साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, फसवतो. सरासरी उजेड ठीक दिसतो, पण पिवळ्या रंगात लाल वाहिनी आधीच काठोकाठ भरलेली असते. मग पिवळीच्या चेहऱ्यावरचे चढउतार जाऊन सपाट पिवळा कागद उरतो. लाल-हिरवा-निळा असा तीन रंगांचा हिस्टोग्राम लावावा आणि लाल रेघ उजव्या भिंतीला टेकली की अर्धा-पाऊण स्टॉप उतरावं. रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, ठेवलीच पाहिजे, या दिवशी तरी.

२८ मिमीने खालून वर फोटो घेतला की मारबत मागे कोसळतेय असं दिसतं. कॅमेरा डोक्यावर धरून सरळ ठेवला तर थोडं सुधारतं. खरा उपाय म्हणजे पहिला मजला, आणि तो मागावा लागत नाही. खालून मान वर करून गॅलरीकडे नुसतं बघितलं तरी, ‘या ना वरती, इथून छान दिसते. चप्पल तेवढी बाहेर ठेवा,’ असं एखादी काकू म्हणतेच. वर चहा मिळतो, कठड्याशी जागा मिळते, आणि लहान कॅमेऱ्यामुळे कुणाला आपण पाहुणे आहोत असं वाटत नाही. नागपूरकरांच्या या मोकळेपणाबद्दल ऐकलं होतं, पण सणाच्या दिवशी घरात पंधरा माणसं असताना सोळाव्याला उंबरा ओलांडू देणं ही फार मोठी गोष्ट आहे.

खाली बडग्याजवळची पोरं हाका मारतात, ‘ओ ताई, आमच्या बडग्याचा काढा ना एक!’ काढावा, आणि द्यावाही. गर्दीत मोबाईलचं नेटवर्क बसलेलं असतं, पण कॅमेऱ्याच्या वायफायला नेटवर्क लागत नाही. लहान जेपेग फोनवर घ्यायचा आणि तिथल्या तिथे त्यांच्या फोनवर ढकलायचा. दोन मिनिटं जातात. त्यानंतर तीच पोरं तुमच्यासाठी गर्दी मागे रेटतात.

गुलालाबद्दल मात्र गंभीरपणे सांगते. आत-बाहेर होणारी लेन्स ही लोहाराच्या भात्यासारखी असते. बंद करताना मिटते, चालू करताना उघडते, आणि दर वेळी आजूबाजूची हवा आत ओढते. हवेत रंग असेल तर रंगही. लेन्स निघत नाही, त्यामुळे सेन्सरवर बसलेला कण आपल्याला पुसता येत नाही, कॅमेरा दुरुस्तीलाच द्यावा लागतो. म्हणून कॅमेरा गर्दीच्या बाहेरच चालू करावा, आपोआप बंद होण्याची वेळ वाढवून ठेवावी आणि गर्दीतून बाहेर आल्यावरच मिटवावा. यात बॅटरी जाते. जीआर ३ ची बॅटरी तशीही दोनशे फोटोंच्या आसपास मान टाकते, म्हणून तीन बॅटऱ्या जवळ हव्यात. लेन्सपुढच्या पाकळ्यांवर रंग बसला तर रुमाल लावू नये, त्याने पाकळ्यांच्या फटीत भुकटी ठासली जाते. कॅमेरा उलटा धरून ब्लोअरने हवा मारावी. तोंडाने फुंकर नको, तिच्यात थुंकी असते. संध्याकाळी एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा एक फोटो घ्यावा. सेन्सरवर कण असेल तर काळपट ठिपका दिसतोच.

दुसरा शत्रू लॉजचा एसी. थंडगार कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत काढला की लेन्सवर बाष्प धरतं, आणि ते आतल्या बाजूला असेल तर पुसूनही जात नाही. निघायच्या अर्धा तास आधी कॅमेरा चेनच्या प्लास्टिक पिशवीत हवाबंद करून बाहेर न्यावा आणि पिशवीतच गरम होऊ द्यावा. पट्टा मनगटाचाच असावा, गळ्यातला पट्टा बांबूत अडकतो.

दुपार तर्री पोह्यात गेली. टपरीवर निळी ताडपत्री असेल तर लाल तर्री जांभळी दिसते. पोह्याखालच्या कोऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स मोजून घेतला, म्हणजे पांढरं कोणतं ते कॅमेऱ्याला सांगितलं, की ती पुन्हा झणझणीत होते. तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी बैल ओढत होती, त्यांच्यासाठी कॅमेरा गुडघ्याच्या खाली नेला, एवढंच.

संध्याकाळी चितार ओळीत मात्र पाय अडकले. गणपती तीन दिवसांवर आलेले, दोन्ही बाजूंना मूर्तींच्या रांगा, कुणाला सोनेरी रंग, कुणाला पितांबर, आणि सगळीकडे एलईडीच्या नळ्या. इथे पहिल्या दोन फोटोंत एक मूर्ती पिवळसर आली, तीच पुढच्या फोटोत हिरवट. दोष मूर्तीचा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातल्या नळ्या सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण फेरे येतात आणि रंग स्थिर राहतो. १/२५० ला कधी तेज सापडतं, कधी मंद. इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर आडवे पट्टेच उमटतात, ते बंद करावं. मग एफ २.८, १/१००, आयएसओ १६००, आणि इथे ऑटोफोकस चालू, कारण इथे कुणी धावत नाही. रंगाची फवारणी चालू असेल त्या दुकानापासून कॅमेरा लांब ठेवावा, तो धूर गुलालापेक्षा चिकट असतो.

एका दुकानात डोळ्यांची आखणी चालली होती. विचारलं, तर कारागिराने ब्रश न थांबवता मान हलवली. तो पापणीची रेघ ओढताना श्वास धरतो आणि रेघ संपली की सोडतो. १/१०० ला त्याचा हात स्थिर मिळतो तो त्या धरलेल्या श्वासातच. तीन रेघा नुसत्या बघितल्या. चौथीला त्याने ब्रश पाण्यात बुडवून टोक ओठांवर टोकदार केलं, कुंचल्याचा केस न केस बुबुळाच्या कडेला टेकला, आणि त्याच्याबरोबर मीही श्वास धरून बटन दाबलं.