नॉबसोबत सरकणारी पोकळी

बेस गिटार आधीच रेकॉर्ड झालेली होती. तिच्यावर अ‍ॅनालॉग फिल्टर (एका मर्यादेच्या वरचा आवाज दाबणारं यंत्र) लावायचा, गाणं चालू असताना ती मर्यादा हलवणारा नॉब हाताने फिरवायचा आणि तो सलग टेक घ्यायचा, एवढंच काम होतं. नॉब वादक स्वतःच फिरवणार होता. ते मला पटलंही होतं. आपली सुरावट कुठे उघडायची हे त्याच्या हातालाच जास्त कळतं.

फिल्टरचं युनिट लॅडर, म्हणजे शिडीसारख्या रचनेचं होतं. सिंथेसायझर बनवणारे रॉबर्ट मूग यांना ज्या रचनेचं पेटंट 1969 मध्ये मिळालं, तीच. एकामागोमाग चार पायऱ्या, प्रत्येकीची सप्तकामागे 6 डेसिबल घट, म्हणजे एकूण 24. इंटरफेसचं (संगणक आणि बाहेरचं यंत्र जोडणारी पेटी) आउटपुट +4 डीबीयूचं, म्हणजे 1.23 व्होल्ट, आणि युनिटला त्याच्या साधारण पावपटच हवं होतं. पाठवायची लेव्हल 12 डेसिबलने उतरवली. मग अर्धा तास युनिट नुसतं चालू ठेवलं, कारण ट्रान्झिस्टर गरम होईपर्यंत कटऑफ, म्हणजे फिल्टरची ती मर्यादा, सरकत राहतो. रेझोनन्स, म्हणजे कटऑफजवळचा आवाज फुगवणारी सेटिंग, पूर्ण वाढवला की फिल्टर स्वतःच शिट्टी वाजवतो. ती शिट्टी ट्यूनरवर स्थिर दिसेपर्यंत मी थांबते, घाई असली तरी.

मूळ बेस आणि फिल्टरमधून परत आलेला बेस सारख्या लेव्हलला मिसळले आणि खालचा ई फ्लॅट गायब झाला. बाकीचे सूर ठीक, तेवढाच पोकळ. केबल बदलली, जॅक काढून परत लावले, फरक शून्य. शेवटी एक क्लिक युनिटमधून फिरवून आणली आणि मूळ क्लिकशेजारी ठेवली. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48,000 सॅम्पल धरून, ती 312 सॅम्पल उशिरा येत होती, म्हणजे 6.5 मिलिसेकंद. 77 हर्ट्झच्या लहरीचा हा जवळपास अर्धा फेरा, म्हणजे ती मूळ लहरीच्या उलटी येऊन तिला खोडते, आणि ई फ्लॅट 77.8 वर! सॉफ्टवेअरची आपोआप होणारी भरपाई बाहेरच्या यंत्राला लागू होत नव्हती. हे मी सुरुवातीलाच तपासायला हवं होतं. परतीचा आवाज 312 सॅम्पल अलीकडे ओढला आणि सूर भरून आला.

टेक सुरू केला. अर्ध्या मिनिटात वादक थांबला. “ई फ्लॅट आला, पण आता भोक पळतंय.”

मी डोळे मिटून ऐकलं. खरंच, तो नॉब जिथे नेईल तिथे आवाजात खड्डा पडत होता. मघाचा खड्डा एका सुराला चिकटलेला होता, हा नॉबसोबत चालत होता. म्हणजे उशीर नव्हे, फिल्टर स्वतः. कटऑफवर प्रत्येक पायरी फेज, म्हणजे लहरीची फेऱ्यातली जागा, 45 अंशांनी वळवते. चारांचे 180. तिथे फिल्टरचा आवाज मूळ आवाजाच्या बरोब्बर उलटा उभा राहतो, आणि रेझोनन्स तीन चतुर्थांशावर असल्यामुळे जोरही जवळपास तेवढाच. दोघं एकमेकांना खाऊन टाकत होते. युनिट बिघडलेलं नव्हतं, ते आपलं काम चोख करत होतं.

पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटवून पाहिली. खड्डा बुजला, पण खर्ज पातळ झाला. कटऑफच्या बऱ्याच खाली फेज फारशी वळतच नाही, त्यामुळे आता कापाकापी तिथे सुरू झाली.

मूळ बेस काढून टाकला तर बोटांची धार जात होती, आणि वादकाला ती हवीच होती. नॉब 500 हर्ट्झच्या वर जाणार नव्हता. तिथून दोन सप्तकं वर, 2000 हर्ट्झला, फिल्टरमधून येणारं सगळं सुमारे 48 डेसिबलने दबलेलं असतं. भांडायला कोणी उरतच नाही. म्हणून मूळ बेसचा 2000 च्या खालचा भाग कापला, फक्त तारेवरची बोटं ठेवली. रेझोनन्स अर्ध्यावर आणला, कारण लॅडरमध्ये तो वाढला की खालचं वजन घटतं.

तिसऱ्या टेकला वादकाने शेवटच्या ओळीवर नॉब इतका हळू उघडला की मी फेडरवरचा हात काढून घेतला आणि नुसतं ऐकत राहिले. तोच टेक ठेवला.