झोन न देणारी पट्टी

एमटेकच्या प्रोजेक्टसाठी मी जखमेवर लावायचं जंतुरोधक मेम्ब्रेन हा विषय घेतला. साधा गॉज जखमेला चिकटतो आणि काढताना नवी धरलेली कातडीही ओढून आणतो. ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं. नॅनोफायबरच्या, म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंच्या, जाळीत तो ओलावा राखता येतो.

जाळी इलेक्ट्रोस्पिनिंगने करायची, म्हणजे विजेच्या दाबाने द्रावणाचे बारीक तंतू ओढायचे. सिरिंजमध्ये पीसीएल या पॉलिमरचं द्रावण, सुईला पंधरा-वीस किलोव्होल्ट, समोर फॉइल. मुंबईच्या जुलैतल्या दमट हवेत सुई तुंबणं हा रोजचाच कार्यक्रम. डिह्युमिडिफायर आल्यावर तंतू सुधारले, त्याबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही.

खरी गंमत जंतुरोधक कोटिंगची. पीसीएलवर पाण्याचा थेंब अळूच्या पानावर बसावा तसा गोल बसतो, मग कोटिंग धरणार कसं? म्हणून आधी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवून पृष्ठभाग पाणी धरणारा केला आणि मग १ टक्का अॅसेटिक आम्लात विरघळवलेल्या कायटोसानमध्ये बुडवला. हे कायटोसान कोळंबीच्या टरफलांपासून मिळतं.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जखमेत सापडणारे जंतू पसरलेल्या प्लेटवर तुकडे ठेवले. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाभोवती स्वच्छ गोल झोन, म्हणजे जंतू न वाढलेली जागा! लॅबमध्ये सगळे खूश. मला मात्र तुकड्यांना येणारा व्हिनेगरचा वास खटकत होता. कायटोसान न घालता नुसत्या आम्लात बुडवलेले तुकडे लावून पाहिले, तर त्यांनीही झोन दिला. मग कोटिंग केलेले तुकडे सौम्य अल्कलीत बुडवून पीएच सातवर येईपर्यंत धुतले. झोन गायब.

सर म्हणाले, "अगं, कोटिंगच निघून गेलं असेल, बघ." कायटोसानला चिकटणाऱ्या इओसिन या रंगात बुडवलं, तर धुतलेला तुकडा गुलाबी झाला आणि कोटिंग नसलेला पांढराच राहिला. कोटिंग जागेवर होतं. ते प्लेटमधल्या आगरमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) पसरत नाही, तर झोन येईल कुठून? त्यामुळे पट्टीवरच जंतू ठेवून नंतर जिवंत किती उरले ते मोजायचं ठरवलं. तिथे कळलं की जंतू घटतात, पण पुरेसे नाहीत. आम्ल गेलं की कायटोसानचा धनभार कमी होतो, आणि तोच तर जंतूंच्या पडद्यावर काम करतो.

म्हणून थोडी चांदी घातली. जास्त घातली की झोन मस्त येतो, पण एल-९२९ या चाचणीसाठी वापरायच्या उंदराच्या पेशीही मरतात. आयएसओ १०९९३-५ या पेशींवरच्या विषारीपणाच्या चाचणीच्या मानकानुसार जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली गेल्या तर नमुना विषारी धरतात. शेवटी अशी मात्रा निवडली की पेशी तगल्या आणि पट्टीवरच जंतू ठेवायच्या त्या चाचणीत जंतू ९९.९ टक्क्यांहून जास्त घटले. जखमेच्या स्रावातली प्रथिनं आणि क्लोराइड चांदीला बांधून ठेवतात, त्यामुळे आता तीच चाचणी सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) मिसळून चालू आहे.

पेपरच्या एका रिव्ह्यूअरने तरीही झोनचा फोटो मागितला. पाठवला. नीट पाहिलं तर एखादा मिलिमीटर दिसतो.