१५ टक्क्यांची वॅगन आर

अण्णांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, औरंगाबादच्या घाटी या सरकारी दवाखान्यात. बजाजनगरहून रिक्षाचे जाऊन-येऊन सहाशे, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या वर. म्हणून मागच्या वर्षी आम्ही २०१४ ची वॅगन आर घेतली, २ लाख ४० हजारांना. लाखभर रुपये भिशीचे आणि माझ्या पाटल्या मोडून आले. उरलेल्या १ लाख ४० हजारांचं कर्ज, ३ वर्षांसाठी, १५ टक्क्यांनी. हप्ता ४,८५३ रुपये.

मी वाळूजच्या एका व्हेंडर कंपनीत अकाउंट्स बघते, पगार २२ हजार. त्याच महिन्यात आमच्या साहेबांनी नवी गाडी घेतली, कर्ज ९ टक्क्यांनी. मला तोच दर मिळाला असता तर हप्ता ४,४५२ बसला असता. महिन्याला ४०१ चा फरक, ३ वर्षांत साडेचौदा हजार. गाडी जुनी, पगार कमी, म्हणून व्याज जास्त. बँकेच्या हिशेबात ते बसत असेल, माझ्या मनाला पटत नाही.

साहेबांची गाडी कंपनीच्या नावावर आहे. तिचं डिझेल, विमा, सर्व्हिसिंग मीच टॅलीत खर्चाला टाकते. वर १५ टक्के घसारा, म्हणजे वापरानं गाडीची किंमत उतरते म्हणून धरायचा खर्च. गाडी २५ लाखांची धरली तर पहिल्या वर्षी पावणेचार लाख नफ्यातून वजा, तेवढ्यावर कर नाही. कायद्याला धरूनच आहे सगळं, आणि साहेब माणूस म्हणून चांगले आहेत, अण्णांसाठी सुट्टी कधी नाकारली नाही. पण बापाला दवाखान्यात नेताना जळणारं माझं पेट्रोल कुठल्याच खात्याला पडत नाही.

हे आपल्याकडे नवं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत एकाच दिवशी १५० मर्सिडीज विकल्या गेल्या, ६५ कोटींच्या. सरकारी बँकेनं त्या घेणाऱ्यांना ७ टक्क्यांनी कर्ज दिलं. ट्रॅक्टरचं कर्ज तेव्हा १२ टक्क्यांच्या वर होतं. अण्णा अंबडकडे शेती करायचे, त्यांनी ट्रॅक्टरचे हप्ते फेडलेत. मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

रिक्षापेक्षा गाडी परवडेल हा माझा हिशेबच चुकला. हप्ता, दोन हजारांचं पेट्रोल, विमा, परवा बसवलेली क्लच प्लेट. महिन्याला आठ हजारांच्या वर जातात. नवरा कंत्राटी आहे. कंपनीची बस कायम कामगारांपुरती, तो नाइट शिफ्टला मोटरसायकलवरच जातो. तरी गाडी विकणार नाही. डायलिसिस झाल्यावर अण्णांना उलटीसारखं होतं, रिक्षाच्या दचक्यांत बसवत नाही. आता ते सीट मागं करून पडतात. उन्हाळ्यात मी एसी लावते. नगर नाका आला की ते स्वतःच बंद करतात आणि काच खाली घेतात. "वारं चांगलं आहे बाई," म्हणतात. मे महिना असतो.