परीटघडी

रविवारी दुपारी मी आठवड्याचे शर्ट इस्त्रीला काढतो आणि समोर एखादा जुना सिनेमा लावतो. आधी कॉलर, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी. परवा ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ लावला आणि बाह्यांवरच अडकलो.

उजाड माळावर हॉलिवूडचा नट केरी ग्रँट करड्या सुटात एकटाच उभा. फवारणीचं विमान अंगावर येतं, तो धावतो, धुळीत पालथा पडतो, मक्यात शिरतो. पुढे शिकागोच्या हॉटेलात तोच सूट काढून साफसूफ करायला, इस्त्रीला देतो. सिनेमा १९५९चा, ग्रँट पंचावन्नचा. त्याच्या आईचं काम करणारी जेसी रॉइस लँडिस त्याच्याहून जेमतेम सात वर्षांनी मोठी! असले हिशेब फक्त हिंदी सिनेमात चालतात असं मी समजत होतो.

मी अडकलो तो त्या इस्त्रीपाशी. कारण ग्रँटचे वडील इस्त्रीवालेच होते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या कपड्यांच्या कारखान्यात एलायस लीच दिवसभर दुसऱ्यांचे सूट दाबायचे. चार स्वस्त घेण्यापेक्षा एकच चांगला घ्यावा, हा धडा मुलाला त्यांचाच. मुलगा आर्ची, म्हणजे पुढचा केरी ग्रँट, नऊ वर्षांचा असताना एक दिवस आई घरात नव्हती. समुद्रकाठी गेलीय, असं त्याला सांगितलं. ती गावातल्याच वेड्यांच्या इस्पितळात होती, आणि हे मुलाला कळलं तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. सुरकुती काढणं हा ज्यांचा पेशा, त्यांनी घरातली ही एवढी मोठी चुणी नुसती घडीत दाबून टाकली.

आर्ची कसरतवाल्यांच्या ताफ्यात शिरला आणि १९२०मध्ये त्यांच्याबरोबर न्यूयॉर्कला पोचला. मला वाटतं, त्याच्या सुटाचं गुपित शिंप्याकडे कमी आणि त्या कोलांट्यांत जास्त असावं. पडायचं कसं हे अंगाला ठाऊक असलं की कापडही घाबरत नाही. १९३२मध्ये पडद्यावर केरी ग्रँट हे नाव झळकलं. पॅरामाउंटचा करार संपल्यावर त्याने पुन्हा कुणा एका स्टुडिओला बांधून घेतलं नाही, आणि १९३७च्या ‘द ऑफुल ट्रुथ’पासून ती ऐटबाज, थोडी गोंधळलेली स्वारी ठरूनच गेली.

एकदा त्याने चुरगळलेले कपडे घातले. १९४४च्या ‘नन बट द लोन्ली हार्ट’मध्ये तो लंडनच्या गरीब वस्तीतला भटक्या झाला, आजारी आईकडे परतलेला. ऑस्करचं नामांकन मिळालं, सिनेमा चालला नाही. लोकांना ग्रँट परीटघडीचाच हवा होता. १९६६मध्ये मुलगी झाली आणि त्याने काम थांबवलं, मागणी असताना. ऑस्कर मिळालं ते १९७०मध्ये, मानाचं म्हणून.

एलायस १९३५मध्येच गेले. शिकागोच्या हॉटेलातला तो करडा सूट बघून त्यांनी आधी काय केलं असतं? विजारीची धार तपासली असती, माझी खात्री आहे.

सिनेमा संपला तेव्हा इस्त्री गार झाली होती. पाठी तशाच राहिल्या. सोमवारी वरून स्वेटर चढवला.