वय एकोणीस, तोंडी

गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या ग्रामीण रुग्णालयात बीडकडच्या ऊसतोड बायका यायला लागतात. त्या संध्याकाळी एक सासू सुनेला घेऊन आली. आठवा महिना, पायांवर सूज, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी. बीपी 170/110. वय विचारलं तर पोरीच्या आधी सासूच बोलली, "एकोणीस." सिस्टरने केसपेपरसाठी आधार कार्ड मागितलं. त्यावरच्या जन्मतारखेचा हिशोब सोळाच्या पुढे जाईना.

म्हणजे पॉक्सो, अठराखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं मला भाग. नाही कळवलं तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लग्न झालंय ही सबब सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर चालत नाही. मुलीचं नाव न उघड करता कळवायची मुभा 2022 मध्ये मिळाली, पण ती गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलींच्या बाबतीत. हिला तर मूल हवं होतं.

सासूला वास लागला. "पोलिसाचं नाव काढलं तर आत्ताच नेते हिला."

अशा अवस्थेत फडावर परत गेली असती तर वाटेतच झटका येण्याची भीती. तेव्हा कागद बाजूला ठेवला. दोन्ही कुल्ल्यांत झटका टाळणारं मॅगसल्फ पाच-पाच ग्रॅम, बीपीची गोळी, जिल्हा रुग्णालयासाठी 108 ला फोन. उपचार आधी करायला कायद्याची आडकाठी नाही.

माझे काही सहकारी म्हणतात, गाडी निघाली की गुपचूप इंटिमेशन, म्हणजे पोलिसांना लेखी कळवणं, पाठवावं, डोक्याला ताप नको. मला ते पटत नाही. जिच्या संसारावर पोलीस येणार, तिला ते आधी माझ्या तोंडून कळावं. सासूला बाहेर बसवलं आणि पोरीला सांगितलं.

"मॅडम, त्यांला धरून नेतील का?"

"बहुतेक नेतील."

ती रडली नाही. म्हणाली, "मंग उचल कोण फेडंल?"

मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. म्हणून तर या पोरींची लग्नं एवढ्या घाईने उरकतात. यावर मी काय बोलणार? मी रिफ्लेक्स तपासले, लघवीची पिशवी पाहिली. 108 निघाल्यावर इंटिमेशनवर सही केली.

तिचं सिझेरियन झालं. बाळ कमी वजनाचं, एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजातांच्या कक्षात होतं, दोघंही वाचली. नवऱ्याला अटक झाली.

पुढच्याच आठवड्यात आशाताईंचा फोन: त्या टोळीतल्या आणखी दोन गरोदर पोरी तपासणीला यायला तयार नाहीत. उद्या बीपीचं यंत्र घेऊन मीच तळावर जाणार आहे. इंटिमेशनचे कोरे फॉर्म सोबत घ्यायचे का, असं सिस्टरने विचारलं. घ्या म्हटलं, पण पिशवीच्या तळाशी ठेवा.