झीझी प्लांट, सडलेला गड्डा आणि रिफंडचा फॉर्म : माझा अनुभव

हॉलमध्ये ठेवायला कमी कटकटीची झाडं हवी होती, एवढंच. रंग नवीन दिलेला, सोफ्याशेजारचा कोपरा मोकळा दिसत होता, आणि आम्ही दोघंही नोकरीवाले त्यामुळं रोज पाणी घाला, ऊन दाखवा हे जमणारं नव्हतं. फ्लॅट कोल्हापुरात राजारामपुरीत, समोरची बिल्डिंग इतकी जवळ की दुपारचा थोडा वेळ सोडला तर हॉलमध्ये ऊन येतच नाही. मनीप्लांट, स्नेक प्लांट आणि स्पायडर प्लांट इथल्याच नर्सरीतनं आणले, त्यात काही अडचण आली नाही. अडकलं ते झीझीवर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून लिहितेय.

मला काळ्या पानांचं झीझी हवं होतं, रॅव्हन म्हणतात त्याला. कोवळं पान पोपटी येतं आणि मग हळूहळू जवळजवळ काळं होतं, पांढऱ्या भिंतीपुढं लई भारी दिसतं. इथं सगळीकडं हिरवंच मिळत होतं म्हणून ऑनलाईन मागवलं. झीझी कमी उजेडात निभावतं, पाणी विसरलं तरी चालतं, कारण मातीखाली त्याला गड्डे असतात, आपल्या अळकुड्या असतात तसे, त्यात पाणी साठवलेलं असतं. मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, कोरड्या दिवसांची सवय असलेलं झाड. त्याला खरी भीती एकाच गोष्टीची, सतत ओल्या मातीची.

आणि पार्सल आलं ऐन जुलैत. कोल्हापूरचा जुलै काय असतो ते सांगायला नको. खोकं शहरात पोचलं आणि कुरिअरच्या गोदामात पडून राहिलं, ट्रॅकिंगवर रोज 'ग्राहक घरी नव्हते' असा मेसेज, मी सुट्टी काढून घरात बसलेली, वॉचमनच्या वहीत कुणी आल्याची नोंद पण नाही. शेवटी आलं तेव्हा खोक्याचा तळ भिजून मऊ झालेला. उघडतानाचा व्हिडिओ विनाकट लागतो हे माहीत होतं त्यामुळं मिस्टरांना मोबाईल धरायला लावला आणि त्यातच कुंडीतलं कोकोपीट, म्हणजे मातीऐवजी भरतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा, मुठीत घेऊन पिळून दाखवलं, पाणी टपटपा गळलं. पानं मात्र चकचकीत, दांडे ताठ.

लगेच तक्रार करायला गेले तर फॉर्ममध्ये कारण निवडायची यादी. कुंडी फुटली, चुकीचं झाड आलं, पानं तुटली, झाड वाळलं. मुळं भिजलीत, सडतील, याला कुठं जागाच नाही! 'इतर' सुद्धा नाही. मग 'पानं तुटली' निवडलं तर तुटलेल्या पानाचा फोटो टाकल्याशिवाय फॉर्म पुढं सरकेना. कोकोपीटचा फोटो टाकला, खाली सगळं लिहिलं, तर उत्तर आलं की झाड निरोगी दिसतंय, नवीन जागेत रुळायला वेळ द्या आणि आठवड्यातून दोनदा पाणी घाला. आठवड्यातून दोनदा! झीझीला, पावसाळ्यात, चिंब कोकोपीटमध्ये! झाडं विकणाऱ्यांनी असं लिहावं याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

मी कोकोपीट काढलं, कोरड्या मातीत वाळू मिसळून झाड लावलं, पंख्याखाली ठेवलं. उपयोग झाला नाही. एकेक दांडा बुडातनं मऊ पडून आडवा झाला. उकरून बघितलं तर गड्डा तपकिरी, बोटानं दाबला की आत जात होता, वास तर विचारू नका. परत फॉर्म उघडला तर तक्रारीची मुदत संपलेली. फोन लावला, गाणं ऐकत बसले, मग एक मुलगा बोलला, 'मॅडम, पाणी कमी पडलं असेल.' त्याला शांतपणे सांगितलं की पाणी कमी पडलं तर झीझीचे दांडे सुरकुततात, पानं पिवळी होऊन गळतात पण गड्डा टणक राहतो, आणि इथं गड्डाच मऊ झालाय म्हणजे पाणी जास्त झालंय, आणि ते माझ्याकडं यायच्या आधीच झालंय, व्हिडिओ बघा. तो बिचारा तरी काय करणार, त्याच्यापुढं पण तीच यादी. मग मेलवर कूपन देऊ केलं. पुढच्या खरेदीवर सूट म्हणे. मी नाही म्हटलं. माझे पैसे गेलेत, मला पैसेच पाहिजेत.

इथं जाऊबाईंनी मोलाचं सांगितलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साईटवर द्यावा लागतो, त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार सोडवायची. साईटच्या एकदम तळाला, बारीक अक्षरात सापडलं. व्हिडिओ, उभा कापलेल्या गड्ड्याचा फोटो, ट्रॅकिंगचे स्क्रीनशॉट, सगळं एका मेलमध्ये घातलं आणि ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ नंबर, तिथं पण तक्रार नोंदवली. त्यानंतर चक्रं फिरली आणि पूर्ण पैसे खात्यावर आले. खरं सांगते, त्या मेसेजचा आनंद रकमेपेक्षा मोठा होता. तेव्हा फॉर्मच्या यादीत अडकून बसू नका, थेट त्या अधिकाऱ्याला लिहा.

मग सरळ इथल्या नर्सरीत गेले. काकांनी न सांगता झीझी पिशवीतनं उपसून मुळं दाखवली, 'वैनी, दाबून बघा गड्डा'. टणक होता. हिरवंच आहे, पण डोळ्यांसमोर बघून घेतलेलं आहे. कुंडी मातीची घेतली, बापट कॅम्पात कुंभारांकडं मिळतात, मातीची कुंडी ओल बाहेर सोडते त्यामुळं आपल्या पावसाला तीच बरी. खाली भोक बघूनच घ्या, शोभेच्या चिनी मातीच्या कुंड्यांना बऱ्याचदा नसतं.

आधी सांगायचं राहिलं, नर्सरीत जायच्या आधी उजेड तपासा. दुपारी कोऱ्या कागदावर फूटभर उंचीवर हात धरायचा. सावली ठळक पडली तर बहुतेक सगळी झाडं चालतील, पुसट पडली तर मनीप्लांट, स्पायडर, सिंगोनियम, आणि जवळजवळ दिसलीच नाही तर स्नेक प्लांट नाहीतर झीझी, ती सुद्धा तिथं तग धरतात, वाढ फार होत नाही. 'इनडोअर' असं लिहिलेल्या पाटीवरनं यातलं काहीच कळत नाही. पाण्याचं म्हणाल तर बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच मनीप्लांट आणि स्पायडरला घाला. स्नेक आणि झीझीची माती पार तळापर्यंत वाळू द्या, पावसाळ्यात महिनाभर पाणी नाही घातलं तरी बिघडत नाही.

घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर हे नक्की वाचा. मनीप्लांट, झीझी, सिंगोनियम, पीस लिली ही सगळी अळूच्याच कुळातली. अळू चिरताना हाताला खाज सुटते ना, ते बारीक स्फटिक यांच्यातही असतात, पान चावलं तर तोंडाची आग होते. ही उंचावर ठेवा. खाली ठेवायला स्पायडर आणि अरेका पाम बरे, ते विषारी नाहीत.

आणि हवा शुद्ध होते म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका. हवा शुद्ध होते हे ज्यावरनं सांगतात तो नासाचा १९८९ चा प्रयोग छोट्या बंद पेटीतला होता, आपल्या खिडक्या उघड्या असतात. झाड आवडलं म्हणून घ्या, तेवढं कारण पुरेसं आहे.

काळ्या पानांचं झीझी मला अजून हवंच आहे. पाऊस उघडला की मागवून देतो म्हणालेत काका, आणि मी सांगून ठेवलंय, आधी पिशवीतनं काढून गड्डा दाखवायचा, मग पैसे.