दर-वही: तेलाचा रकाना अखेर किलोवर आला

मंडळी, किराण्याचे भाव उतरवायच्या आपल्या या वहीत या खेपेला तूरडाळीचे भाव टाकणार होतो. पण तेलाचं कोडं सुटलंय, त्यामुळे डाळ थांबेल.

सोयाबीन तेलाचा हिशेब जुळत नाही हे मागे लिहिलंच होतं. घराजवळच्या मोठ्या दुकानात पिशवी १४५ रुपयांना, आमच्या वाण्याकडे १५२ ला. तरी दुकानातली आणली की महिनाअखेरीला तेल हमखास कमी पडायचं. काल दोन्ही पिशव्या ओट्यावर शेजारी ठेवल्या आणि भिंग घेऊन बसलो. वाण्याच्या पिशवीवर १ लिटर, ९१० ग्रॅम. दुकानातल्या पिशवीवर नुसतं ८५० ग्रॅम, तेही मागच्या शिवणीजवळ. उंची-रुंदी जवळपास सारखीच. किलोवर आणलं तर वाण्याचं १६७ रुपये आणि दुकानातलं १७० रुपये ५९ पैसे! फळीवर दराची पाटी एवढी मोठी, वजनाचा मात्र पत्ता नाही. याची मनापासून चीड आली.

ठरावीक मापातच पिशवी विकायचं बंधन पॅकबंद मालाच्या नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीने काढलं आणि त्याऐवजी एककाचा दर छापायला लावला. पण त्या छापील दरावर आपली वही चालत नाही. एक तर तो एमआरपीवरून काढलेला असतो, आणि आपण घेतो दुकानाच्या सवलतीच्या भावाने. दुसरं म्हणजे ग्रॅमच्या पिशवीवर दर ग्रॅमचा आणि मिलिलिटरच्या पिशवीवर मिलिलिटरचा. तेल पाण्याहून हलकं आणि गरम झालं की फुगतं, म्हणून लिटरवर भरवसा नाही. वजन बदलत नाही. लिटरचा रकाना मी खोडून टाकला आहे.

मग डब्यांकडे वळलो, आणि खरी गंमत तिथे आहे. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात १५ लिटरचा डबा २३१० ला आणि १५ किलोचा २४३० ला मिळाला. पहिला स्वस्त वाटतो ना? त्यात तेल भरतं साधारण १३ किलो ६५० ग्रॅम, म्हणजे किलोला १६९ च्या वर. वाण्याच्या सुट्या पिशवीपेक्षाही महाग. १५ किलोचा पडतो १६२ ला. वाण्याच्या पिशवीपेक्षा किलोमागे पाच रुपये कमी! आमच्या ईपीएस-९५ पेन्शनला (भविष्य निर्वाह निधीवाल्यांच्या) महागाई भत्ता नाही, आकडा जिथल्या तिथे. तिथे हे पाच रुपये मोठे आहेत. आकडे मांडून झाले तेव्हा फार बरं वाटलं.

पण दोघांच्या घरात १५ किलो तेल संपेपर्यंत खवट होईल. म्हणून पिशवीवरच राहायचं, असं लिहिणार होतो. लिहिता लिहिता सुचलं, की वरच्या मजल्यावरच्या वहिनी आणि समोरचे अण्णा यांच्यासोबत डबा तिघांत घ्यावा. पाच-पाच किलो, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. स्प्रिंगचा काटा यासाठी नको, तो जड वजनाला डुलतो. रिक्षाभाडं तिघांत वाटून दरातच धरायचं. ते किलोला पाच रुपयांच्या वर गेलं तर बेत रद्द.

कुणी अशी वाटणी करत असेल तर डबा फोडल्यावर तेल कशात भरता, स्टीलच्या बरणीत की काचेच्या, ते जरूर कळवा. डाळीसाठी सुट्या आणि पॅकबंद मालाचे भाव वेगळे उतरवतोय, कारण १८ जुलै २०२२ पासून पाकिटातल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही.